सासू, नणंद आणि पायल: बंदिशीत नेमकं काय सांगितलेलं असतं?

पूरिया धनाश्री हा दिवेलागणीचा राग. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, कोमल धैवत. धड दिवस नाही, धड रात्र नाही, अशा वेळी जिवाला जी हुरहूर लागते ती या तीन स्वरांत जशीच्या तशी उतरलेली आहे. आणि एवढ्या गंभीर रागातली सगळ्यांच्या ओठांवर असलेली छोटी चीज, म्हणजे बंदिश, रागात बांधलेलं गाणं, काय सांगते? 'पायलिया झनकार'. माझं पैंजण वाजतंय, पियाला समजावून सांगते तर तो ऐकत नाही, सासू आणि नणंद मला बोल लावतील. बस, एवढंच.

मी ही चीज शिकले तेव्हा नऊ-दहा वर्षांची होते. अर्थ कुणी सांगितला नाही, मीही विचारला नाही. मात्रा मोजून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येण्यातच सगळा जीव अडकलेला असायचा. पुढे ऐकायला लागले तेव्हा प्रश्न पडला, की तास-तास चालणाऱ्या, माणसाला अंतर्मुख करणाऱ्या या गाण्यात विषय म्हणून हेच का? घागर, पैंजण, नणंद, भरून आलेलं आभाळ, परत न आलेला नवरा.

याची दोन उत्तरं नेहमी मिळतात. शब्द ही नुसती खुंटी आहे, खरं गाणं स्वरांचं, हे एक. दुसरं म्हणजे हे सगळं जीवात्मा-परमात्म्याचं रूपक आहे. दोन्हींत तथ्य आहे, पण माझं दोन्हींनी समाधान होत नाही. ख्याल या रागगायनाच्या मुख्य प्रकाराचे शब्द साधे असले तरी सहज पडलेले नाहीत. देऊळ, दर्गा, दरबार, ऋतू आणि घर यांनी आपापल्या काळात त्यांच्यावर हात फिरवलेला आहे, आणि तो फिरलेला हात आजही ओळखता येतो.

आधी कानाची बाजू बघू, कारण ती सगळ्यात कमी सांगितली जाते. बहुतेक बंदिशी ब्रज भाषेत किंवा तिच्या आसपासच्या बोलींत आहेत. श्यामचं 'स्याम' होतं, प्राणचं 'प्रान', गुणचं 'गुन'. टोचणारी अक्षरं घासून गुळगुळीत केलेली असतात. आणि शब्दाला शेपूट लावलेलं असतं: नणंदेची 'ननदिया', पियाचा 'पियरवा', कोकिळेची 'कोयलिया', ढगांचे 'बदरवा'. हे केवळ लाडिकपणासाठी नाही. शब्दाच्या शेवटी असा मोकळा 'आ' मिळाला की गाणाऱ्याला आलापाला जागा मिळते. 'बदरवा'मधल्या 'वा'वर दहा मात्रा रेंगाळता येतं, त्यातूनच तान काढता येते. 'मेघ' म्हटलं तर तोंड लगेच मिटल्यासारखं होतं. म्हणजे कोणता विषय बंदिशीत टिकला याला गळ्याचीही संमती लागत होती. ज्या विषयाचे शब्द गळ्यात फिरत नाहीत तो विषय कितीही थोर असला तरी बैठकीत तग धरत नाही.

आता बोलते कोण? जवळजवळ प्रत्येक ख्यालात बोलणारी बाई असते. ही बाई फार जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ नायिका सांगितल्या आहेत. नटूनथटून वाट बघणारी, विरहानं तळमळणारी, प्रियकर दुसरीकडे रात्र काढून आल्यामुळे संतापलेली, भांडून मग पस्तावणारी, नवरा परदेशी गेलेली, अंधारात स्वतःच भेटीला निघालेली, आणि अशाच आणखी दोघी. भरतानं या नाटकातल्या पात्रांच्या अवस्था म्हणून मांडल्या. पण गाण्याला याहून सोयीचं काही नव्हतं. गोष्ट सांगायची म्हणजे माणसं लागतात, घटना लागतात, शब्द लागतात. अवस्था सांगायला दोन ओळी पुरतात आणि मग तासभर त्या अवस्थेतच राहता येतं. राग हीसुद्धा एक अवस्थाच आहे. त्यात पुढे काही घडत नाही, आहे तेच आणखी खोल होत जातं. म्हणून मला वाटतं, नायिका आणि राग यांची जोडी जमणारच होती.

बाराव्या शतकात जयदेवानं गीतगोविंदात राधेला अशा अवस्थांमधून नेलं, आणि त्या पदांवर रागांची नावं परंपरेनं लिहिलेली आहेत. पुढे चित्रकारांनी रागमालेत, म्हणजे रागांच्या चित्रमालिकेत, हीच जोडी रंगवली. तोडीच्या चित्रात हातात वीणा घेतलेली एकटी बाई असते आणि तिच्याभोवती हरणं गोळा झालेली असतात. भैरवीच्या चित्रात बायका शिवलिंगाची पूजा करत असतात. राग ऐकताना डोळ्यांपुढे काय यावं, याची एक सामायिक समजूत तयार झाली होती, ती त्या चित्रांत दिसते.

हे कागदावरचं. गाण्यात हे कसं उतरलं त्याला देवळानं मोठा हातभार लावला. वल्लभाचार्यांच्या पुष्टिमार्ग या कृष्णभक्तीच्या पंथात कृष्णाची सेवा दिवसातून आठ वेळा होते, पहाटेच्या मंगलेपासून रात्रीच्या शयनापर्यंत, आणि प्रत्येक दर्शनाची पदं वेगळी, राग वेगळे. सूरदासांसारख्या, 'अष्टछाप' म्हटल्या जाणाऱ्या आठ कवींनी अशी पदं रचली. देव तिथे सिंहासनावर बसलेला राजा नाही. तो घरातलं मूल आहे. त्याला उठवायचं, न्हाऊ घालायचं, जेवू घालायचं. भैरव शिकायला बसलेल्या मुलाला आजही बहुतेक वेळा पहिल्यांदा कृष्णाला जागं करणारी चीज मिळते. सकाळच्या रागात 'जागो' आणि संध्याकाळच्या रागात वाट बघणं हा धागा तिथपर्यंत मागे नेता येतो.

आणि याच्याही आधीपासून, दर्गा. अमीर खुसरो चौदाव्या शतकाच्या पहिल्या पावशतकात, १३२५ साली गेला. त्याचे गुरू निजामुद्दीन औलिया. सूफी काव्यात भक्त ही नवरी, ईश्वर किंवा गुरू हा नवरा. होळीचा रंग म्हणजे गुरूनं चढवलेला रंग. निजामुद्दीनांच्या दर्ग्यात आजही वसंत साजरा होतो, पिवळी वस्त्रं, पिवळी फुलं. बंदिशी रचणाऱ्यांची टोपणनावं आठवून पाहा: सदारंग, अदारंग, मनरंग. हा 'रंग' नुसता रंगेलपणाचा नाही.

आता 'पिया' या शब्दाकडे परत येते, कारण सगळं कुलूप तिथेच आहे. 'पिया' हा नवरा आहे, प्रियकर आहे, कृष्ण आहे, सूफींचा मालिक आहे, आणि, हे विसरू नये, बऱ्याचदा समोर बसलेला राजाही आहे. एका शब्दात पाच श्रोत्यांची सोय. मुसलमान उस्ताद कृष्णाच्या होळीवर धमार (होळीची गाणी) गात होते, हिंदू पंडित सूफी ख्वाजांच्या स्तुतीची चीज गात होते, आणि कुणालाच आपण परक्याच्या घरात शिरलोय असं वाटत नव्हतं. 'सास-ननद'ही तशीच. निराकार ईश्वराच्या निर्गुणी पदांत माहेर म्हणजे हे जग, सासर म्हणजे त्यापलीकडचं, आणि मध्ये अडवणारी माणसं म्हणजे आसक्ती. पण त्याच वेळी ती खरोखरची सासूही आहे, खरोखरच्या घरातली, जिला पैंजणाचा आवाज ऐकू जातो. रूपक सांगताना ही खरी बाई पुसून टाकली जाते, त्याला माझी हरकत आहे. पैंजण वाजेल या भीतीनं पाऊल जपून टाकणं हे कुणीतरी जगलेलं आहे. ते जगलेलं असल्यामुळेच त्याच्यावर मोठ्या अर्थाचं ओझं ठेवता आलं.

ख्यालाआधी धृपद होतं आणि त्याचे विषय मोठे होते. देवस्तुती, राजस्तुती, नादाचं तत्त्वज्ञान, खुद्द रागांचं वर्णन. ग्वाल्हेरच्या मानसिंह तोमराच्या दरबारात (१४८६ ते १५१६) धृपदाला देशी भाषेत मोठं रूप मिळालं. धृपदाचे चार भाग असतात, स्थायी, अंतरा, संचारी, आभोग. म्हणजे सांगायला ऐसपैस जागा. राजा स्वतः रचनाकार असला की विषय कसे सुटे होतात याचं मला फार आवडतं उदाहरण विजापूरचं आहे. दुसरा इब्राहिम आदिलशहा (१५८० ते १६२७) याच्या 'किताब-ए-नौरस'मध्ये सरस्वती आहे, गणपती आहे, गुलबर्ग्याचे सूफी संत गेसूदराज आहेत, आणि त्यांच्याच पंक्तीला त्याचा लाडका हत्ती आतशखान आणि त्याचा तंबोरा मोतीखानही आहे. ज्या वाद्याला नाव ठेवलं त्यावर गाणं रचणारा सुलतान! प्रेरणा कुठून आली हे त्याला लपवावंसं वाटलं नाही.

ख्यालाची गोष्ट वेगळी. दिल्लीच्या महंमदशहाच्या दरबारात (१७१९ ते १७४८) नियामतखान हा बीनकार, म्हणजे रुद्रवीणा वाजवणारा, होता. त्यानं 'सदारंग' या नावानं ख्याल रचले आणि त्यांत बादशहाचं नाव गुंफलं. 'मोहंमदसा सदारंगीले' असे शब्द अंतऱ्यात आले की समजावं, की ही त्या दरबाराची खूण. याला मुद्रा म्हणतात. पुढे प्रत्येक मोठ्या रचनाकारानं आपली मुद्रा केली: फैयाजखाँ 'प्रेमपिया', बडे गुलाम अलीखाँ 'सबरंग', जगन्नाथबुवा पुरोहित 'गुणिदास'. ख्यालाला दोनच भाग, अस्ताई (म्हणजे स्थायी) आणि अंतरा. चार ओळींत मावेल तेवढंच सांगायचं. धृपद वर्णन करतं, ख्याल सुचवतो. विषय लहान झाले ते बुद्धी लहान झाली म्हणून नाही. गाणाऱ्याच्या कल्पनेला बढतीसाठी, राग हळूहळू फुलवण्यासाठी, जागा हवी होती, म्हणून शब्दांनी मागे सरून बसायचं ठरवलं. अस्ताई अवस्था सांगते, अंतरा बहुधा तिचं कारण सांगतो, आणि समेवर जो शब्द येतो तो बैठकीत शंभरदा ऐकू येणार असतो. चांगला रचनाकार तो शब्द जपून निवडतो. एखादी चीज ऐकताना समेवर कोणता शब्द पडतोय एवढं जरी टिपलं तरी रचनाकाराच्या मनात काय होतं ते अर्धं कळतं.

ऋतूंबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे आपली समजूत फार ढोबळ असते. मल्हार म्हणजे पाऊस, बसंत-बहार म्हणजे फुलं. शार्ङ्गदेवानं तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयानं 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्यातही रागांना ऋतू आणि प्रहर दिलेले आहेत, म्हणजे कल्पना जुनी आहे. पण बंदिशींतला पाऊस हा हवामानाचा पाऊस नाही. जुन्या काळी पावसाळ्यात वाटा बंद होत. व्यापारी, सैनिक, मुलुखगिरीवर गेलेला माणूस, सगळे त्याआधी घरी परतायचे. आभाळ भरून आलं आणि माणूस आला नाही, तर आता चार महिने येणार नाही. पहिला ढग म्हणजे घड्याळाचा शेवटचा ठोका. पपीहा पक्षी 'पियू पियू' ओरडतो ते जखमेवर मीठ. म्हणून पावसाच्या बंदिशी आनंदाच्या कमी आणि विरहाच्या जास्त आहेत. हे कारण एकदा कळलं की 'बदरवा' शब्दावर गाणारा का थांबतो ते वेगळं ऐकू येतं.

आणि राग ऋतूचा असला म्हणून शब्द त्याच ऋतूचे हवेत असंही नाही. मियाँमल्हारातला सर्वांत प्रसिद्ध बडा (संथ लयीतला) ख्याल 'करीम नाम तेरो' पावसाबद्दल अवाक्षर काढत नाही. तो ईश्वराची करुणा भाकतो, सगळ्यांचं दुःख-दारिद्र्य दूर कर म्हणतो. पण मियाँमल्हारातले दोन निषाद, कोमल आणि शुद्ध नी, एकमेकांना घासून जेव्हा आंदोलत वर येतात तेव्हा दाटून आलेलं आभाळ कानाला दिसतंच. मग 'करीम', म्हणजे दयाळू, या शब्दाला पावसाचा अर्थ आपोआप लागतो. तापलेल्या जमिनीवर पाऊस पडावा तशी दया व्हावी, हे शब्दांत कुठेही लिहिलेलं नाही. ते स्वरांनी सांगितलं. त्यापाठोपाठ द्रुतात, जलद लयीत, 'बोले रे पपीहरा' येते आणि तिथे मात्र उघड पाऊस. ही जोडी एकामागून एक ऐकावी. शब्द ही खुंटी आहे म्हणणाऱ्यांना मी हेच उदाहरण देते.

काय गायलं गेलं नाही तेही बघायला हवं. १७३९ साली नादिरशहानं दिल्ली लुटली, कत्तल केली. सदारंगाचा आश्रयदाता तेव्हा तख्तावर होता. आज गायल्या जाणाऱ्या सदारंगाच्या चिजांत त्या दिवसांची सावलीसुद्धा नाही. दुष्काळ, भूक, युद्ध, शेतातले कष्ट, यांपैकी काहीही ख्यालाच्या मुख्य विषयांत आलं नाही. दरबारात बसून हे कोण गाणार? हे ख्यालाचं न्यून आहे असं मला वाटतं, आणि ते मान्य करून मी ख्यालावर प्रेम करते.

दुःख आलं ते दुसऱ्या वाटेनं, ठुमरी या भावप्रधान गायनप्रकारातून. १८५६ साली इंग्रजांनी अवध खालसा केलं आणि नबाब वाजिद अली शाहाला कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला जावं लागलं. त्याच्या नावावर सांगितली जाणारी 'बाबुल मोरा' ही भैरवी सगळ्यांना ठाऊक आहे: बाबा, माझं माहेर सुटतंय, चौघं मिळून माझी डोली उचलतायत. राज्य गेलेल्या राजाला आपलं दुःख सांगायला शब्द सापडले ते सासरी निघालेल्या मुलीचे. शिवाय चौघं उचलतात ती तिरडीही असते. एका लग्नगीताच्या साच्यात हद्दपारी आणि मृत्यू दोन्ही बसले. जुने विषय वर्षानुवर्षं घासून वापरले की त्यांत अशी ताकद साठते.

विसाव्या शतकात श्रोते बदलले. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. घरंदाज मुला-मुलींनी गाणं शिकावं ही त्यांची तळमळ. त्यासाठी शृंगाराचे शब्द बदलून भक्तीचे शब्द घालायलाही त्यांनी मागेपुढे पाहिलं नाही. त्यांनी तसं केलं नसतं तर माझ्यासारख्या मुलीला कुणी गाण्याच्या वर्गात घातलं नसतं, हे मला मान्य आहे. तरी शृंगार आणि भक्ती यांच्यामध्ये 'पिया'नं जो पूल ठेवला होता, तो असा एका बाजूनं तोडायला नको होता. संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंड्यांचा मार्ग वेगळा. त्यांनी उस्तादांकडून चिजा गोळा करून स्वरलिपीसह छापल्या, आणि 'चतुर' या नावानं लक्षणगीतं रचली. लक्षणगीतात रागाचे वादी-संवादी (मुख्य आणि त्याखालोखालचा स्वर), वर्ज्य स्वर, गायची वेळ हेच शब्दांत सांगितलेलं असतं. रागानं स्वतःचीच ओळख गाऊन सांगायची. काव्य म्हणून ती कोरडी आहेत, पण पाठ करायला त्यांच्याइतकी पक्की दुसरी सोय नाही.

मग कुमार गंधर्व. क्षयानं गाणं बंद झालं, १९४८ साली ते हवापालटासाठी देवासला आले, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकत राहिले. लग्नाची, सणाची, बाळाची. त्या धुनांत त्यांना राग दिसायला लागले. त्यातून नवे राग उगवले, नव्या बंदिशी आल्या, आणि पुढे त्या 'अनूपरागविलास'मध्ये १९६५ साली छापून आल्या. वर्षा, हेमंत, वसंत अशा एकेका ऋतूवर त्यांनी आख्ख्या मैफली बांधल्या. गांधींच्या जन्मशताब्दीला 'गांधी मल्हार' केला. माणसावर राग रचताना त्यांनी मल्हार निवडला, म्हणजे गांधींमध्ये त्यांना काय दिसलं असेल याचा अंदाज करता येतो. ख्यालाचे विषय संपलेले नाहीत, आपण ते फक्त दरबारात शोधत बसलो होतो, हे कुमारांनी गाऊन दाखवलं.

आणखी एक गोष्ट राहिली आहे, माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. बंदिशीत बोलणारी बाई, पण ज्यांच्या मुद्रा आपल्याला माहीत आहेत ते रचनाकार बहुतेक सगळे पुरुष. सदारंगापासून सबरंगापर्यंत पुरुषांनी बाईच्या मनातलं लिहिलं. काहींनी विलक्षण लिहिलं, काहींनी तेच ते सवत-सौतन गिरवलं. गाणाऱ्या बायकांच्या गळ्यात हे परक्याचे शब्द होते. त्या शब्दांत जीव ओतत होत्या, पण ते त्यांनी निवडलेले नव्हते. ही स्थिती बदलली ती स्वतः बंदिशी बांधणाऱ्या आणि त्या आपल्या नावानं मैफलीत मांडणाऱ्या गायिकांमुळे. प्रभा अत्रे (१९३२ ते २०२४) त्यांतलं ठळक नाव. त्यांच्या कलावती आणि मारूबिहाग या रागांतल्या रचना इतक्या पसरल्या, की अनेकांना त्या पारंपरिकच वाटतात. विषय त्यांनीही जुनेच घेतले. पण शब्द थोडे, सुटसुटीत, स्वरांना वाट देणारे, आणि नायिका रडवेली नाही. सासू नाही, नणंद नाही, कुणाचं भय नाही. मारूबिहाग, रात्रीचा राग, द्रुत लय, 'जागूं मैं सारी रैना'. भरताच्या यादीतली ती वाट बघणारी अजून जागी आहे, आणि आता आपण जागे आहोत हे ती आपल्या शब्दांत सांगते आहे.